नॉनव्हेजवाल्याला जागा जास्त लागते

घाटकोपर किंवा मुलुंडमध्ये कधी भाड्याचा फ्लॅट शोधलाय? मग तो प्रश्न तुम्हाला नक्की विचारला गेला असणार. डिपॉझिटच्या आधी, पगाराच्या आधी, कधीकधी तर नावाच्याही आधी. ‘आप नॉनव्हेज खाते हो क्या?’ खाण्यावरून जागा ठरते, हा आपल्या उपनगरांचा जुना नियम. गंमत म्हणजे निसर्गातही खाण्यावरूनच जागा ठरते. फक्त तिथे गणित उलटं आहे. सोसायटीत नॉनव्हेजवाल्याला जागा मिळत नाही. जंगलात त्याला शाकाहारी शेजाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते.

किती जास्त? ते बघायला मसाईमाराचं पॅकेज बुक करायला नको. बोरिवलीला सुरुवात करायची आणि मुलुंडच्या बाजूनं खाडीपर्यंत जायचं. वेस्टर्न ते सेंट्रल. एका वीकेण्डचं काम आहे, आणि मी सांगते, मॉलपेक्षा स्वस्तात होतं.

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलात की दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं गेट. आपल्यासाठी ते अजूनही ‘नॅशनल पार्क’. (सोमवारी बंद असतं, हे विसरून आलेलं एक तरी जोडपं गेटवर हमखास दिसतं.) क्षेत्रफळ साधारण १०४ चौरस किलोमीटर. पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव, मधोमध कान्हेरीची शंभरावर लेणी. पश्चिमेला बोरिवली-कांदिवली, पूर्वेला मुलुंड-भांडुप, उत्तरेला ठाणे आणि घोडबंदर, दक्षिणेला आरे. एखाद्या बेटासारखं जंगल, फक्त समुद्राच्या जागी टॉवर आहेत.

कान्हेरीच्या रस्त्यावर सगळ्यात आधी भेटतात ती माकडं आणि वानरं. आपण दोघांनाही सरसकट माकड म्हणतो, पण नीट बघा. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची ती वानरं. आणि लालसर तोंडाची, तुमच्या हातातल्या वेफर्सच्या पाकिटावर डोळा ठेवून असलेली ती माकडं. दोघांच्या दिवसाचं टाइमटेबल अगदी वेगळं. वानराच्या जेवणात पानांचा भरणा. पानं सगळीकडे असतात, त्यांच्यासाठी लांब जावं लागत नाही, पण त्यात दम कमी. ती पचवायला वानराच्या पोटात कप्पे असतात, त्यात जिवाणू ती आंबवतात, आणि हे सगळं होईपर्यंत साहेब फांदीवर शेपटी सोडून बसून असतात. आपल्याला वाटतं आळशी. खरं तर तो ड्यूटीवर असतो, काम पोटात चालू असतं.

माकडाचं तसं नाही. त्याला फळं हवीत, शेंगा हव्यात, किडे हवेत. हे पदार्थ दमदार, पण विखुरलेले. आज हे उंबराचं झाड पिकलंय, परवा तिकडचं. मग फिरावं लागतं. म्हणून साधारणपणे पानं खाणाऱ्या माकडवर्गीयांना थोडी जागा पुरते आणि फळं खाणाऱ्यांना जास्त लागते. कान्हेरीच्या पायऱ्यांवर मात्र हा नियम बिघडलेला दिसतो, कारण फळांच्या जागी आता आपण आहोत. समोसा पायऱ्यांवरच मिळत असेल तर माकड जंगलात कशाला जाईल? हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे मोठ्या प्राण्याच्या बाबतीत लागणार आहे.

ब्रायन मॅक्नॅब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६३मध्ये हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं. सस्तन प्राण्यांचे त्यानं दोन गट केले. एक चरणारे, म्हणजे गवत-पाला खाणारे. दुसरे शिकारी, आणि यात त्यानं मांस खाणाऱ्यांबरोबर फळं, दाणे, किडे हुडकत फिरणारेही धरले. एकाच वजनाचे दोन प्राणी घेतले, तर शोधून खाणाऱ्याला चरणाऱ्याच्या सुमारे चौपट जागा लागते, असं त्याच्या आकडेवारीत दिसलं. प्राणी जितका मोठा तितकं त्याचं एनर्जीचं बिल मोठं, आणि ते बिल भरायला जितकी वणवण तितकी त्याची हद्द मोठी. नंतरच्या अभ्यासांनी आकडे बदलले, पण मूळ कल्पना टिकली.

मांस खाणाऱ्याचा प्रॉब्लेम आणखी वेगळा. झाड उन्हातून जी ऊर्जा साठवतं, ती सगळी चितळाला मिळत नाही. चितळ जे खातं, त्यातलं बरंचसं त्याच्या चालण्या-धावण्यात, अंग गरम ठेवण्यात आणि लेंड्यांत जातं. अंगाला लागतं ते थोडं. ढोबळमानानं प्रत्येक पायरीवर दहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वर पोचते, बाकी वाटेत गळती. टीडीएस कापल्यावर हातात येणाऱ्या पगारासारखं, फक्त इथे नव्वद टक्के कापले जातात. हा विचार रेमंड लिंडमन या तरुणानं मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्याचा हिशोब मांडून केला. १९४२मध्ये, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी तो गेला आणि त्याचा हा पेपर त्यानंतर छापून आला. आपल्यातले बहुतेक जण त्या वयात अजून पहिल्या अप्रेझलची वाट बघत असतात.

आता बिबट्या. २००२मध्ये ख्रिस कार्बोन आणि जॉन गिटलमन यांनी ‘सायन्स’मध्ये एक साधासोपा आकडा दिला. दहा हजार किलो भक्ष्य जिवंत फिरत असेल, तर त्यावर साधारण ९० किलो मांसाहारी प्राणी जगतो. मग तो वाघ असो की मुंगूस-वर्गातला कोणी. म्हणजे दहा टन हरणं, माकडं, डुकरं जंगलात असतील तेव्हा तिथे दोन बिबटे नांदणार. तिसऱ्यानं पथारी पसरली की भांडण.

हे गणित आपल्या नॅशनल पार्कला लावून बघू. २०१५मध्ये निकित सुर्वे या तरुण संशोधकानं कॅमेरा ट्रॅप लावून इथले बिबटे मोजले. अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे फोटोवरून ओळख पटते. उद्यान आणि लगतचा भाग मिळून ३५ बिबटे निघाले. २०१८च्या मोजणीत ४७. आपण जुना, कमी आकडाच घेऊ. सरासरी ४५ किलो वजन धरलं तर ३५ बिबट्यांचं वजन दीड टनाच्या थोडं वर. त्यांना पोसायला कार्बोनच्या हिशोबानं १७५ टन भक्ष्य हवं. चितळात सांगायचं तर सुमारे साडेतीन हजार चितळं, आणि तीही कायम, कारण ही मुद्दल आहे. बिबट्यानं फक्त व्याज खायचं. एवढी हरणं इथे आहेत? कान्हेरीपर्यंत जाऊन या आणि मोजा. चितळं दिसतील, नशीब असेल तर सांबर, एखादं भेकर. पण साडेतीन हजार?

शंभर चौरस किलोमीटरमागे वीसपेक्षा जास्त बिबटे, ही जगातल्या सगळ्यात दाट बिबट्या-वस्त्यांपैकी एक आहे. ती कुठल्या घनदाट अरण्यात नाही, बोरिवली-मुलुंडमध्ये आहे. बिबट्यांनीही लोकलचा फोर्थ सीट फॉर्म्युला स्वीकारला म्हणायचा. ‘थोडा खिसको ना भाऊ.’

पण खिसकून जागा होते, पोट भरत नाही. मग उरलेलं जेवण येतं कुठून? सुर्वे यांनी विष्ठेचेही नमुने तपासले. बिबट्याच्या जेवणात साधारण चौथा हिस्सा भटक्या कुत्र्यांचा होता. एकट्या एका जातीचा एवढा मोठा वाटा दुसऱ्या कुठल्याच भक्ष्याचा नव्हता. २०१८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इथल्या अभ्यासांवरून अंदाज बांधला की हे बिबटे वर्षाला दीड हजारांच्या आसपास कुत्रे खातात, आणि त्यामुळे माणसांना होणारे हजारभर कुत्र्यांचे चावे टळतात.

कुत्रे काय खातात, हे तुम्हाला-मला माहीत आहे. गेटसमोरच्या हॉटेलांचं उरलंसुरलं, झोपडपट्टीच्या कडेचा कचरा, चिकनच्या दुकानामागची पिसं आणि आतडी, आपल्या सोसायटीनं रात्री बाहेर ठेवलेली पिशवी. म्हणजे साखळी अशी: कुठे तरी नाशिक-पंजाबकडच्या शेतात उगवलेला दाणा, मग तुमची बिर्याणी, मग कुत्रा, मग बिबट्या. नकाशावर बिबट्याचं घर १०४ चौरस किलोमीटर दिसतं. त्याचं शेत त्याच्या बाहेर, आपण जेवतो तिथे आहे. मला विचाराल तर या उद्यानाबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात भन्नाट गोष्ट हीच आहे, आणि ती कुठल्याच बोर्डावर लिहिलेली नाही.

मांस खाण्यापेक्षाही मांस किती दाट पसरलंय, यावर जागा ठरते. रशियाच्या पूर्व टोकाला, बर्फातल्या जंगलात वाघिणीला सुमारे चारशे चौरस किलोमीटर लागतात, म्हणजे वांद्र्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतचा आपला उपनगर जिल्हा जवळजवळ एकटीला. नेपाळच्या चितवनमध्ये, जिथे हरणं मुबलक, तिथली वाघीण वीसेक चौरस किलोमीटरमध्ये संसार थाटते. जात तीच, आहार तोच, फक्त ताट भरलेलं.

महाराष्ट्रातलं उत्तर आहे अकोल्यात. विदर्भातलं नव्हे, नगर जिल्ह्यातलं अकोले. ऊस, विहिरी आणि वस्त्यांचा तालुका. जंगली हरणं जवळपास नाहीत. तिथे विद्या अत्रेय यांनी बिबट्यांचा अभ्यास केला. जेवणात ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. त्यात कुत्रे ३९ टक्के, मांजरंसुद्धा १५ टक्के. शेळ्या त्यामानानं कमी, म्हणजे आपण समजतो तितका बिबट्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर अवलंबून नाही. या टीमनं पाच बिबट्यांना जीपीएस कॉलर बसवले, चार महाराष्ट्रात आणि एक हिमाचलमध्ये. जे पकडलेल्या जागेजवळच सोडले, ते ८, ११ आणि १५ चौरस किलोमीटरमध्ये आरामात राहिले. एवढ्याशा जागेत! भक्ष्य दाराशी असल्यावर आणखी काय हवं. दिवसा उसात झोप, रात्री घरांच्या भिंतीला लागून फेरी.

आणि जे दोन बावन्न किलोमीटर लांब नेऊन सोडले, ते? नर ३७ दिवसांत सरळ रेषेत ८९ किलोमीटर गेला, मादी पाच महिन्यांत ४५. शेवटी स्थिरावले तेव्हा त्यांच्या हद्दी ४२ आणि ६५ चौरस किलोमीटर भरल्या. अनोळखी मुलखात कुठे काय मिळतं, कोणाचं राज्य आहे, हे ठाऊक नसलेला भाडेकरू जसा ब्रोकरच्या मागे फिरतो, तसे.

याच कामात कॉलर लावलेला एक बिबट्या तुम्हाला नावानं माहीत असेल. आजोबा. २००९मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या बाजूला विहिरीत पडलेला सापडला, माळशेज घाटात सोडला, आणि तिथून चालत, हायवे आणि रेल्वेलाइन ओलांडत, १२० किलोमीटरच्या आसपास अंतर कापून वसईच्या खाडीपाशी पोचला. खाडी पोहून इकडे आला. थोडक्यात, तोही करिअरसाठी मुंबईला आला. २०११मध्ये मुंबईच्या उंबरठ्यावर गाडीच्या धडकेत गेला. २०१४मध्ये त्याच्यावर सुजय डहाकेंचा सिनेमा आला, ऊर्मिला मातोंडकर त्यात संशोधक झाली होती.

‘बिबट्या दिसला, पकडा आणि लांब सोडून या’ ही मागणी आजही प्रत्येक सीसीटीव्ही क्लिपनंतर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते. म्हणून जुन्नरचं काय झालं ते ऐका. तिथे १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मग बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवर सोडण्याचा धडाका लागला, आणि हल्ले वर्षाला १७वर गेले. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये हे प्रसिद्ध केलं. रिकामी झालेली हद्द तशीच रिकामी राहत नाही. जिथे जेवण आहे तिथे दुसरा येतोच, बहुधा तरुण, नवखा. आणि उचलून नेलेला बिबट्या ताणाखाली असतो, माणसं आणि वाटा दोन्ही त्याला अनोळखी. २००४च्या जूनमध्ये आपल्याच नॅशनल पार्कभोवती एकामागून एक माणसं मारली गेली, तेव्हा इथेही पिंजऱ्यांचा सपाटा लागला होता. ज्यांचं लहानपण मुलुंड कॉलनीत गेलं, त्यांना संध्याकाळी सातला खाली खेळायला बंदी झालेली आठवत असेल.

बोरिवलीहून हायवेनं दक्षिणेला आलं की गोरेगाव, आणि डावीकडे आरे. बसनं आत शिरलात की पाच मिनिटांत हवा बदलते, आणि वासही. शेण, ओली वैरण, दूध. आरे मिल्क कॉलनी १९४९ची, उद्घाटन १९५१मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते. शहरातल्या गल्लीबोळातले तबेले एका जागी आणायची कल्पना दारा खुरोडींची. पुढे १९६३मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. १,२८७ हेक्टर जागा, ३२ युनिट, आणि सोळा हजारांच्या आसपास जनावरं.

इथे गणिताची दुसरी बाजू दिसते. म्हैस पक्की शाकाहारी. पण गवत म्हणजे स्वस्त, निकस माल. चारशे-पाचशे किलोच्या म्हशीला दूध द्यायचं तर रोज ढिगानं हिरवी-सुकी वैरण, वर पेंड आणि चुणी. मोकळी चरायची म्हटली तर एवढ्या जनावरांना आरे महिनाभर पुरणार नाही. म्हणून म्हैस दाव्याला आणि गवत ट्रकवर. तबेल्यात तिच्या वाट्याला येते पार्किंग स्लॉटएवढी जागा. बाकीची जमीन कुठे तरी गावाकडे, जिथून ट्रक येतो. आपला वन बीएचकेही असाच चालतो म्हणा. पाणी धरणातून, भाजी नाशिकहून, दूध तबेल्यातून, आणि आपण सांगतो, ‘साडेतीनशे स्क्वेअर फुटांत भागतं.’

तबेले, पाडे, शूटिंगवाल्यांची जेवणं, कचरा, कुत्रे. म्हणजे आरे हे बिबट्याचंही ताट आहे. आदिवासी पाड्यांवर वाघोबाची पूजा होते. शेंदूर लावलेली मूर्ती किंवा दगड, वर्षाचा मान. आम्ही शहरवाले ‘सहजीवन’ वगैरे शब्द आता शिकतोय. तिथे तो शेजारधर्म पिढ्यान् पिढ्या पाळला जातो. पण म्हणून सगळं गोडगोड आहे असं अजिबात नाही. २०२२च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या पहाटे, आरेत एका दीड वर्षाचीही नसलेल्या मुलीला बिबट्यानं उचललं. ती वाचली नाही. ज्यांचं घर टॉवरच्या अकराव्या मजल्यावर आहे त्यांनी बिबट्याबद्दल प्रेमानं बोलणं सोपं आहे. ज्यांच्या पाड्यावर दिवा नाही, संडास लांब आहे, त्यांच्यासाठी हा हिशोब वेगळा आहे. त्यांना बिबट्या हटवण्यापेक्षा दिवा, दाराशी संडास आणि रोजच्या रोज उचललेला कचरा हवा असतो, आणि हे देणं वन खात्याच्या नाही, पालिकेच्या हातात आहे.

इथेच मला एक पेच पडतो. समजा उद्या सगळा कचरा खरंच साफ झाला. कुत्रे कमी झाले. मग ४०-५० बिबटे काय खाणार? निसर्गाच्या गणितात उत्तर एकच, संख्या कमी होणार. ती हळूहळू झाली तर कमी पिल्लं जगतील, आपल्याला कळणारही नाही. एकदम झाली, तर भुकेला तरुण बिबट्या नवी जागा शोधायला बाहेर पडेल. उत्तरेला तुंगारेश्वरकडे जायची वाट आहे, पण मध्ये घोडबंदर रोड आणि खाडी. म्हणून तिथे प्राण्यांसाठी सुरक्षित वाट ठेवणं ही हौस नाही. उद्यानाच्या खालून बोगदे खणून बोरिवली-ठाणे आणि गोरेगाव-मुलुंड जोडायचं काम चालू आहे. आपला तासाभराचा प्रवास वाचेल, छानच. बिबट्याचा रस्ताही त्याच बजेटमध्ये बसवायला हरकत नसावी.

आरेतून जेव्हीएलआरनं पवईकडे निघा. डाव्या हाताला तलाव, आयआयटी, आसपास कॉफी शॉप्स. या तलावात मगरी आहेत. नशिबात असेल तर हिवाळ्याच्या दुपारी काठावर उन्हं खात पडलेली दिसते. मगर म्हणजे शंभर टक्के नॉनव्हेज. मग तिला बिबट्याएवढी जागा का नको? कारण ती हीटर लावत नाही. आपण आणि बिबटे आतून शरीर तापवतो, चोवीस तास, झोपेतसुद्धा. बिलाचा मोठा भाग तिथेच जातो. मगर ते काम सूर्यावर सोपवते. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानानं तिचं बिल एक-दशांशाच्या आसपास. एकदा पोटभर खाल्लं की कित्येक आठवडे निवांत. दुसऱ्या टोकाला चिचुंद्रीच्या कुळातला सगळ्यात छोटा प्राणी, वजन जेमतेम दोन ग्रॅम, आणि रोज स्वतःच्या वजनाहून जास्त किडे खाल्ल्याशिवाय जगत नाही. पवईतल्या स्टार्टअपमध्ये काम करणाऱ्यांना या दोघांपैकी कोण जवळचं वाटतं, ते त्यांनीच ठरवावं.

पुढे कांजूर, भांडुप, मुलुंड. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या पलीकडे मिठागरं, तिवरं आणि ठाण्याची खाडी. भांडुप पम्पिंग स्टेशनचा रस्ता पक्षीवाल्यांना पाठ असतो. वास अर्थातच आहे. रुमाल ठेवा. नोव्हेंबर ते मे या काळात, ओहोटीला, चिखलावर गुलाबी रेघ दिसली की समजा पोचलात.

रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, या खाडीत एक लाखाच्या पुढे मोजले गेलेत. मोजणी करणारी बीएनएचएस. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस किलोमीटर. २०२२मध्ये ते रामसर स्थळही झालं. बोरिवलीच्या १०४मध्ये पन्नासच्या आसपास बिबटे, आणि इथे १७मध्ये लाखभर? मोजणी अभयारण्याच्या बाहेर शिवडी-नवी मुंबईपर्यंतची असते, त्यामुळे थोडी काटछाट करू. तरी वजनात मांडून बघा. लहान फ्लेमिंगो दीड-दोन किलोचा. लाखाचे झाले दीडशे टनांच्या पुढे. अर्धे धरले तरी चौरस किलोमीटरमागे चार-पाच टन फ्लेमिंगो. बिबट्याचं? दीड टन भागिले १०४. चौरस किलोमीटरमागे पंधरा किलो.

फरक जेवणाचा आहे. लहान फ्लेमिंगो खातो ते निळं-हिरवं शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या पाणवनस्पती. म्हणजे सूर्यानंतरची थेट पहिली पायरी, मधली गळतीच नाही. आणि वानराच्या पानासारखं ते चिवटही नाही. मान खाली, चोच उलटी, जिभेचा पंप पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडांची बारीक चाळणी माल अडवते. हे शेवाळ एवढं माजतं, त्याचं एक कारण अभ्यासक आपल्या सांडपाण्यात शोधतात. पुन्हा तेच! पश्चिमेला आपला कचरा बिबटे पोसतो, पूर्वेला आपला फ्लश फ्लेमिंगो पोसतो. मुंबईकर नकळत मोठा दानशूर माणूस आहे. (सांडपाण्यातून रसायनं आणि जड धातूही जातात, तेव्हा दानशूरपणावर फार खूश व्हायला नको.)

जेवण स्वस्त म्हणजे जागा एकच पुरते, असं मात्र नाही. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि ताट बंद. मग हे थवे नवी मुंबईच्या बाजूला उथळ पाणथळींवर जाऊन उभे राहतात, नेरुळ-सीवूड्सची तळी वगैरे. सहा तास इथे, सहा तास तिथे, लोकलच्या पाळ्यांसारखं. त्यातली दुसरी जागा नकाशावर कुणाला मोकळा प्लॉट वाटते. पाणी अडलं, भराव पडला, की पक्ष्यांना वेळीअवेळी उडावं लागतं. २० मे २०२४च्या रात्री दुबईहून उतरायला येणारं विमान एका थव्याला धडकलं, आणि घाटकोपर पूर्वेला, पंतनगरच्या बाजूला, आकाशातून फ्लेमिंगो पडले. चाळीसच्या आसपास. त्या रात्री ते नेमके कशामुळे उडाले, यावर पक्षीतज्ज्ञांत वाद झाला. पण भाजी मार्केटला जाणाऱ्या वाटेवर गुलाबी पिसं बघणाऱ्यांना त्या दिवशी कळलं की डोक्यावरून एक रहदारी कायम चालू असते.

जाणार असाल तर भरती-ओहोटीचं टाइमटेबल आधी बघा. ऐरोलीला वन खात्याच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, ती भरतीवर अवलंबून असते आणि सीझनमध्ये रविवारचं बुकिंग पटकन संपतं. मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडला की आलंच. नॅशनल पार्कला सकाळी लवकर जा, खाऊ बॅगेत ठेवा, माकडांना देऊ नका. आरेत अंधार पडल्यावर चालायचंच असेल तर दोघं-तिघं मिळून, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून. तिथले लोक असंच करतात. बिबट्याला आपल्याशी बोलायची अजिबात हौस नसते, त्याला फक्त आपण येतोय हे आधी कळायला हवं.